कथेतील पात्रांचे प्रकार: नायकाशी भांडणारा तो खलनायक?

बुलढाणा जिल्ह्यातील लेखक सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ या कादंबरीला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पात्रांचे प्रकार समजून घ्यायला ती फार उपयोगी आहे.

शेतकऱ्याचा मुलगा एकनाथ हे तिचे मध्यवर्ती पात्र. भरपूर शिकला, पण नोकरीसाठी द्यायला पैसे नाहीत, म्हणून शेतीतच अडकला. बायको अलकाशी त्याचे खटके उडतात. मग ती खलपात्र का? मुळीच नाही. नवऱ्याला नोकरी लागेल या आशेवर सासरी आलेल्या बाईची घुसमटही वाचकाला तितकीच पटते. नायकाच्या आड येणारे ते विरोधी पात्र. दुष्ट असणे ही त्याची अट नाही. इथे तर खरा विरोधक नापिकी आणि पडलेले भाव. त्यांना चेहराच नाही!

इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये ‘सपाट’ आणि ‘गोल’ पात्रे असा भेद मांडला. जुन्या सिनेमातला सावकार सपाट: लोभ सोडून त्याला दुसरे काही नाही. अनपेक्षित वागूनही पटते, ते गोल. सपाट म्हणजे फसलेले मात्र नव्हे. विनोदी कथा बऱ्याचदा अशाच पात्रांवर चालतात.