जीपची सोयरीक

माझ्या लहानपणी, म्हणजे १९८० नंतरच्या दशकात, सावर्ड्याच्या आमच्या वाडीत एकच मोटार होती. आणि तिलाही मोटार म्हणावे की नाही, असा प्रश्न पाहुण्यांना पडे. छप्पर ताडपत्रीचे, दाराच्या जागी पट्टा, आणि बसायला पाटासारखी कडक आसने. ती दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप होती. लढाई संपल्यावर सैन्याचे जे सामान विक्रीला निघाले, त्या ‘डिस्पोजल’च्या मालातून फिरत फिरत ती कोकणात उतरली होती. तिचे मालक आंब्याचे बागायतदार. सारी वाडी त्यांना तात्या म्हणे. वैशाखात आंब्याच्या पेट्या हमरस्त्यावर आणायच्या आणि आषाढात आजारी माणूस तांबड्या चिखलातून बाहेर काढायचा, ही तिची दोन कामे.

एका वर्षी तिचा मागचा डिफरन्शियल गेला. मूळचा भाग कोठे मिळेना. अखेर मिस्त्रीने भंगारात निघालेल्या एका मुंबई बनावटीच्या जीपचा डिफरन्शियलसकट सबंध मागचा आस आणला.

“बसेल ना रे हा?” तात्यांनी विचारले.

“तात्या, जीपचंच अंग आहे हे. घरातलंच माणूस समजा!” मिस्त्री म्हणाला.

आस बसला. जीप चढणीला पूर्वीपेक्षा जोमाने चढू लागली, आणि तात्यांनी खूश होऊन मिस्त्रीला आंब्याची पेटी पाठवली. पुढे पावसाळा आला. एका रात्री वाडीतल्या एका बाईला चिपळूणला न्यायचे होते. चिखलासाठी तात्यांनी पुढच्या चाकांचाही गिअर घातला, पाणंद पार केली, आणि घाईत तो गिअर तसाच ठेवून ते डांबरी रस्त्याला लागले. कामथे घाटाच्या चढणीवर सुकाणू जड झाले. तात्यांनी दांडा ओढून पाहिला, तो हलेना. मग खालून फाटकन आवाज झाला आणि जीप जागच्या जागी उभी राहिली. देवाची कृपा म्हणून मागून मालमोटार आली, तिच्या चालकाने बाईला चिपळूणला पोचवले आणि ती बरी होऊन परत आली. जीप मात्र महिनाभर घाटाखाली पडून राहिली.

त्या रात्री चूक नेमकी कोणाची झाली, हे मला पुष्कळ वर्षांनी उमगले. त्यासाठी जीपची वंशावळ चाळावी लागली.

आधी डिफरन्शियल म्हणजे काय ते पाहू. आपल्या बैलगाडीला त्याची गरज नाही. तिची दोन्ही चाके आसावर सुटी फिरतात. वळणावर बाहेरच्या चाकाला लांबचा पल्ला पडला, तर ते बापडे जास्त फिरते. ओढणारे बैल पुढे असतात, चाकांना जोर लावावा लागत नाही. मोटारीत मात्र चाकांनाच जोर द्यायचा असतो. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट बांधली, तर वळणावर एक चाक फरफटत जाईल. ही अडचण ओनेसिफोर पेकर नावाच्या फ्रेंच कारागिराने वाफेच्या गाडीसाठी सोडवली आणि १८२८ साली तिचे पेटंट घेतले. त्याच्या दातेरी चाकांच्या रचनेत दोन्ही चाकांना जोर तर मिळतो, पण एक हळू आणि दुसरे जलद फिरायला मोकळीक राहते. शिवाय मोटारीच्या मागच्या आसात आणखी एक काम होते. एंजिनाकडून येणाऱ्या दांड्याच्या टोकाला लहान पिनियन असते, ते मोठ्या क्राऊन चाकाला फिरवते. दांड्याचे चार-पाच फेरे झाले, म्हणजे चाकाचा एक. वेग घटतो, ताकद वाढते.

आता जीपचा जन्म. १९४० च्या जुलैत अमेरिकन सैन्याने १३५ कंपन्यांना पत्रे धाडली: चारही चाकांना जोर असलेली हलकी गाडी हवी, आणि नमुना ४९ दिवसांत हवा! बँटम नावाच्या एका लहानशा, डबघाईला आलेल्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याला बोलावून हे शिवधनुष्य उचलले. नवे आस घडवायला वेळच नव्हता. तेव्हा स्पायसर कंपनीकडून स्टुडबेकर चँपियन या प्रवासी मोटारीचे आस फेरफार करून घेण्यात आले. २३ सप्टेंबर १९४० रोजी, मुदत संपता संपता, नमुना लष्कराच्या दारात हजर झाला. म्हणजे वाचकहो, ज्या गाडीने पुढे अर्धे जग पालथे घातले, तिचा जन्मच मुळी दुसऱ्या मोटारीच्या उसन्या आसावर झाला! परक्याचा आस लावणे हे पाप असते, तर जीप जन्मालाच आली नसती.

पुढे बँटम मागे पडली आणि विलीज व फोर्ड या दोघांनी मिळून युद्धकाळात सहा लाखांवर जीप काढल्या. सैन्याची अट अशी, की एकीचा कोणताही भाग दुसरीला बसला पाहिजे. फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टांवरसुद्धा, इंग्रजी ‘एफ’ अक्षर ठोकले. पण रणांगणावर ते अक्षर कोण पाहतो? विलीजचा डिफरन्शियल गेला तर शेजारच्या मोडक्या फोर्डचा काढून लावावा आणि चालू लागावे. दोघींच्या क्राऊन चाकाला ३९ दात आणि पिनियनला ८. ३९ भागिले ८, म्हणजे सुमारे ४.८८. जुळ्या बहिणीच त्या.

पण १९४५ साली युद्ध संपले, आणि विलीजने शेतकऱ्यांसाठी मुलकी जीप काढली. नांगर ओढणाऱ्या गाडीला वेग थोडा कमी चालतो, जोर अधिक लागतो. म्हणून क्राऊनचे दात ४३ झाले. पिनियनचे ८ तसेच राहिले. प्रमाण झाले ५.३८ च्या जवळपास. याच मुलकी घराण्याची जीप १९४९ मध्ये महिंद्र कंपनीने मुंबईत माझगावला जुळवायला घेतली आणि पुढे इथेच बनवली. अमेरिकेत सीजे-३बी हा नमुना १९६८ साली बंद झाला. आपल्याकडे त्याच वळणाच्या जीप त्यानंतरही कितीतरी वर्षे निघत राहिल्या.

नात्यागोत्याचे असे गोंधळ मोटारींच्या जगात नवे नाहीत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, फार्गो आणि डीसोटो या नावांच्या मालमोटारी निघाल्या. नावे तीन, घराणे एक. अशा घराण्यांच्या जोरावरच आपल्या मिस्त्रींनी मोडक्या गाड्या वर्षानुवर्षे चालत्या ठेवल्या. मात्र घराणे एक म्हणून दातही तितकेच असतील, हे गृहीत धरता येत नाही.

तात्यांच्या जीपला नेमके हेच भोवले. पुढचा आस युद्धातला, ३९ दातांचा. मागचा मुलकी, ४३ दातांचा. नुसती मागची चाके चालत, तोवर काही बिघडले नाही. जोर दहा टक्क्यांनी वाढला, म्हणून तर ती चढणीला खुलली. वेगाचा काटा मात्र खऱ्यापेक्षा जास्त दाखवू लागला, पण त्याकडे कोण बघतो? परंतु पुढचा गिअर घातला, की दोन्ही दांडे एकाच पेटीला बांधले जातात आणि त्यांना सारखेच फिरावे लागते. चाकांच्या शंभर फेऱ्यांना मागच्या दांड्याला साडेपाचशेहून थोडे कमी, ५३७ फेरे हवेत. पुढच्याला ४८७ पुरतात. शंभर फेऱ्या म्हणजे सात-आठशे फूटच! तेवढ्या अंतरात पन्नास फेऱ्यांचे भांडण. चिखलात चाके घसरतात आणि भांडण तिथेच मिटते. डांबरी रस्ता मात्र घसरू देत नाही. ताण पेटीत साठतो, दांडा अडकतो, आणि शेवटी कुठला तरी दात जातो.

हे सारे टाळायला किती वेळ लागला असता? पाच मिनिटे. मागची दोन्ही चाके उचलावीत, चाकावर आणि दांड्यावर खडूने खूण करावी, दोन्ही चाके मिळून एक फेरा द्यावा आणि दांड्याचे फेरे मोजावेत. एकच चाक उचलले असेल, तर त्याला दोन फेरे द्यावेत. डिफरन्शियलच्या करणीने उत्तर तेच येते. पाचाला थोडे कमी की पाचाहून थोडे जास्त, एवढेच पाहायचे.

आणि नुसती क्राऊन-पिनियन बदलायची असेल, तर ती जोडीनेच घ्यावी. कारखान्यात ती दोन चाके एकमेकांवर घासून एकजीव केलेली असतात. एकीचे क्राऊन आणि दुसरीचे पिनियन असा संसार घातला, तर आयुष्यभर कुरकुर ऐकावी लागते. जुने मिस्त्री दातांना तेलात कालवलेला शेंदूर लावून फिरवत आणि तो दाताच्या मधोमध पुसला जातो की कडेला, ते पाहत. कडेला पुसला, तर पातळ चकत्या घालून बैठक सुधारत. शेंदूर मारुतीला लागतो तसा मोटारीलाही लागतो, हे मी तिथेच शिकलो.

तात्यांच्या जीपचे पुढे चांगले झाले. मिस्त्री स्वतःच खजील होऊन त्याच भंगारातल्या जीपचा पुढचाही आस घेऊन आला. या खेपेला त्याने आम्हा पोरांच्या देखत खडूची खूण केली आणि फेरे मोठ्याने मोजले. पुढे आणि मागे सारखेच भरले. त्यानंतर ती जीप कितीतरी पावसाळे चिखलातून गेली आणि घाटही चढली.

मी आता शाळेत अपूर्णांक शिकवतो. “गुरुजी, शेषाचा उपयोग काय हो?” असे कोणी ना कोणी दरवर्षी विचारतेच. मग मी फळ्यावर ३९ भागिले ८ आणि ४३ भागिले ८ अशी दोन उदाहरणे घालतो, आणि ती सोडवून होईपर्यंत मुलांना घाटातल्या त्या रात्रीची गोष्ट सांगतो.