झाशीच्या परेड ग्राउंडवर उतरलेलं विमान

झाशी म्हटलं की आपण मराठी माणसं १८५७ वर थांबतो. आमच्या ग्वाल्हेरपासून जेमतेम शंभर किलोमीटरवरच्या या गावात ११ मे १९३० रोजी घडलेली एक गोष्ट म्हणूनच मागे पडली असावी.

अॅमी जॉन्सन ही २६ वर्षांची इंग्रज तरुणी लंडनजवळच्या क्रॉयडनहून ५ मे रोजी एकटीच ऑस्ट्रेलियाला निघाली होती. विमान जिप्सी मॉथ, नाव ‘जेसन’. सहाव्या दिवशी ती कराचीत पोहोचली; बर्ट हिंकलरच्या १९२८ च्या उड्डाणापेक्षा दोन दिवस आधी. विक्रम हाताशी आला होता.

पुढचा टप्पा अलाहाबाद. नकाशावर मोजलं तर सरळ रेषेत सुमारे १,४९० किलोमीटर. ताशी १३५ च्या वेगाने अकरा तास, तेही वाट न चुकता! पेट्रोल संपत आलं आणि तिला झाशीलाच उतरावं लागलं, तेही छावणीच्या परेड ग्राउंडवर. या विमानाला ब्रेक नसत. शेपटीखालची पट्टी जमिनीवर घासेल तेवढाच अडथळा. साहजिकच विमान धावत धावत थेट बराकींमध्ये घुसलं. पंख मोडला, पण कोणाला खरचटलंही नाही.

वर्तमानपत्री कथांत हा प्रसंग गमतीचा म्हणून येतो. माझ्यातल्या इंजिनिअरला मात्र पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. पंख लाकडी सांगाड्याचा, वर ताणून बसवलेलं कापड. त्यामुळे तो दुरुस्त करायला कारखाना लागला नाही, सुतार पुरला. अॅमी स्वतः परवानाधारक ग्राउंड इंजिनिअर होती, म्हणजे काय हवंय ते तिला नेमकं सांगता येत होतं. दुसऱ्याच दिवशी ती कलकत्त्यात होती. सुतार मात्र सगळ्या कथांमध्ये नुसता ‘सुतार’च राहिला, हे मला खटकतं.

विक्रम झाशीत गेला नाही. तो गेला रंगूनजवळ इन्सीनला. तिथे १३ मे रोजी विमान खेळाच्या मैदानावर उतरून खड्ड्यात गेलं. प्रोपेलर मोडला, सुटा एक तिच्याजवळ होता. पंखाला लागलेलं कापड तर शर्ट उसवून काढलं, कारण ते शर्ट महायुद्धातल्या शिल्लक विमानी कापडाचेच शिवलेले होते! या दुरुस्तीत दोन-तीन दिवस गेले. २४ मे रोजी ती डार्विनला उतरली, तेव्हा हिंकलरचे साडेपंधरा दिवस केव्हाच उलटून गेले होते.

‘जेसन’ आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये टांगलेलं आहे.