परेरा आडनांवाची कुळकथा

वसईच्या ख्रिस्ती समाजांत परेरा हें आडनांव इतकें रुळलें आहे कीं, त्याचा मूळ अर्थ आम्हांपैकीं थोडेच जण विचारतात. पोर्तुगीज भाषेंत नासपतीच्या झाडास हा शब्द आहे. झाडावरून गांवांस नांव पडलें व गांवावरून घराण्यांस. अशाच एका घराण्यांतील सेनापति नूनो आल्वारिश परेरा ह्यांनीं १३८५ सालीं आल्जुबारोता येथें कास्तीलच्या सैन्याचा पराभव केला. पुढें १४२३ मध्यें ते कार्मेल संघाच्या मठांत साधे बंधु होऊन राहिले. २००९ मध्यें त्यांस संतपद मिळालें.

१५३४ च्या तहानें वसई पोर्तुगीजांकडे गेली. बाप्तिस्मा घेणाऱ्यांस धर्मपित्याचें किंवा धर्मगुरूचें आडनांव मिळण्याची चाल पडली. म्हणून आमच्यांतील परेरा बहुतेक ह्याच मातीचे. शेजारचीं दोन परेरा घरें एका मुळाचीं असतीलच असें नाहीं. १७३९ सालीं चिमाजी आप्पांच्या स्वारीनें पोर्तुगीज राज्य गेलें. आडनांव व श्रद्धा मात्र राहिलीं.

पोर्तुगाल व ब्राझील येथें हें आडनांव अत्यंत प्रचलित आहे. गोवा व मंगळूर येथेंही आहे. श्रीलंकेंत तर ‘पेरेरा’ ह्या रूपानें अनेक बौद्ध कुटुंबें तें लावितात. तात्पर्य, आडनांव हा रक्ताचा दाखला नव्हे, धर्माचाही नव्हे.

तेव्हां आडनांव एक म्हणून कोणी सोयरीक मोडूं नये. नातें पाहावयाचें तर देवळांतील बाप्तिस्म्याची वही पाहावी, आणि वडीलधाऱ्यांनीं आजे-पणज्यांचीं नांवें लिहून ठेवावीं, एवढीच ज्युबिलीनिमित्त आमची विनंती.