नामंजुरीची परवानगी

गेल्या शनिवारी वकीलबाईंच्या ऑफिसात बसलो होतो. आम्ही (म्हणजे मी, बायको आणि बँक, हिश्श्यांच्या उलट्या क्रमाने) उपनगरात एक फ्लॅट घेतोय. बिल्डिंग उभी आहे, रंग झालाय, लिफ्ट चालते. बिल्डरच्या ऑफिसातला मुलगा रोज फोन करतो, "सर, शेवटचा हप्ता भरा आणि फर्निचरच्या कामासाठी चावी घेऊन जा. ओसी काय, दोन महिन्यांत येईलच." वकीलबाईंनी चावीचा विषय बाजूला ठेवला आणि एक जाडजूड गठ्ठा पुढे सरकवला. "आधी हे वाच."

पहिल्याच कागदावर ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल'. खाली मजकूर साधारण असा, की तुमचं बांधकाम मला मंजूर करता येत नाही, कारणं पुढीलप्रमाणे. आणि मग पानंच्या पानं कारणं.

"मॅडम, हे तर नामंजूर झालंय!" माझा घसा कोरडा पडला.

त्या हसल्या. "अरे, मुंबईत यालाच परवानगी म्हणतात."

झालं! आमचा वीकेंड गेला कामातून. प्रोग्रॅमर माणसाला एखादं फंक्शन 'एरर' पाठवतं आणि सगळे त्याला 'सक्सेस' समजून पुढे जातात असं कळलं, की तो मूळ कोड बघितल्याशिवाय झोपत नाही. इथे मूळ कोड म्हणजे १८८८ चा मुंबई महापालिका कायदा.

त्यातलं ३३७ वं कलम म्हणतं, की ज्याला इमारत बांधायची असेल त्याने आयुक्तांना नोटीस द्यावी. नीट बघा हं, 'परवानगी मागावी' नाही, 'नोटीस द्यावी'. मी बांधतोय, तुम्हाला कळवतोय, एवढंच. मग येतं ३४५. आयुक्तांनी ३० दिवसांत नापसंती कळवली नाही, तर मालकाने कामाला लागावं. मौन म्हणजे संमती. आपल्या भाषेत सांगायचं तर टाइमआउट झाला की 'अलाउ'! आता अशा व्यवस्थेत महापालिकेकडे मुदतीत बोलण्यासारखं एकच वाक्य उरतं, ते म्हणजे 'मला पसंत नाही'. ३४६ व्या कलमाखाली ती नापसंती कारणांसकट कळवायची, मालकाने एकेक कारण दूर करायचं आणि पुढे जायचं. हाच तो आयओडी.

म्हणून त्या कारणांची भाषाही गमतीदार असते. 'कुंपणाची भिंत बांधावी' असं नाही लिहीत. 'कुंपणाची भिंत बांधलेली नाही, सबब नापसंत' असं लिहितात. भिंत बांधली की ते कारण मेलं. शंभर वर्षांहून जुनी बग लिस्टच म्हणा ना :-) (झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाला हे विचित्र वाटलं असावं. त्यांच्या तशाच कागदाला 'इंटिमेशन ऑफ अप्रूव्हल' म्हणतात.)

आता प्रश्न असा, की कायदा करणाऱ्यांनी मालकावर इतका विश्वास का टाकला? उत्तर सोपं आहे. तेव्हा मत होतं करदात्यांना आणि मोठा करदाता म्हणजे घरमालक. फिरोजशहा मेहतांसारख्यांनी हा कायदा घडवताना शहराला लोकनियुक्त कारभार मिळवून दिला, ते मोठंच काम. पण त्या 'लोकां'त चाळीतल्या खोलीत राहणारा नव्हता. आपल्या जमिनीवर आपण बांधतो, हा मालकाचा हक्क. सरकारने आडवं यायचं तर वेळेत आणि कारण देऊन यावं, ही त्यामागची समज.

त्याची किंमत आठ वर्षांत कळली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. मांडवी म्हणजे गोदामं आणि दाटीवाटीची घरं. दोन घरांच्या मध्ये असायची ती हाऊसगल्ली, म्हणजे मैला उचलणाऱ्याला जेमतेम शिरता येईल एवढी फट. प्रकाश आणि वारा यायचा तो तिथूनच, म्हणजे यायचाच नाही. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो हे तेव्हा माहीत नव्हतं. अंधार आणि कोंदटपणा हाच शत्रू, असं डॉक्टरांनाही वाटायचं. मग पालिकेची माणसं कौलं उतरवून खोल्यांत ऊन पाडू लागली. राहण्यालायक नसलेल्या घरांवर 'यू. एच. एच.' अशी अक्षरं रंगवली जायची, 'अनफिट फॉर ह्युमन हॅबिटेशन'. जी घरं बांधताना कुणी अडवली नव्हती, त्यांच्यावर लोक राहायला लागल्यावर असा शिक्का! टेस्टिंग थेट प्रॉडक्शनवर.

१८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याची कथा मोठी आहे (त्याने गरिबांची घरं पाडली जास्त आणि बांधली कमी, वगैरे), पण आपल्या कामाची एक गोष्ट सांगतो. ट्रस्टचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा आग्रह धरला. खालच्या खिडकीपाशी उभं राहून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे बघा. ती रेषा जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त कोन करता कामा नये. कॅल्क्युलेटरवर या कोनाचा टॅन काढलात तर दोन येतो. म्हणजे समोरची इमारत जेवढी उंच, त्याच्या निम्मी मोकळी जागा मध्ये सोडा. साठ फुटांना तीस फूट. घरात येणारा उजेड पहिल्यांदाच टेपने मोजता येऊ लागला. दादर-माटुंग्याच्या जुन्या भागात फिरताना बरं वाटतं, त्यात या हिशेबाचा वाटा आहे.

पुढे १९६६ चा प्रादेशिक व नगररचना कायदा आला. त्यात मात्र सरळ 'परवानगी घ्या' असं आहे. त्यातून निघाला दुसरा कागद, कमेन्समेंट सर्टिफिकेट, म्हणजे सीसी. नवा मॉड्यूल आला म्हणून जुना कुणी काढला का? छे! दोन्ही चालू. आयओडीही घ्या, सीसीही घ्या. सीसी पहिल्यांदा बहुधा जोत्यापर्यंतचीच मिळते. जोतं नकाशाप्रमाणे आहे हे तपासलं, की पुढची.

आणि हे 'तपासलं' कुणी? इथेच तो माणूस येतो, ज्याचं नाव आमच्या गठ्ठ्यात जवळजवळ प्रत्येक कागदावर होतं आणि ज्याला मी कधी पाहिलं नव्हतं. लायसन्स्ड सर्व्हेयर. लायसन्स पालिकेचं, १८८८ च्याच कायद्याच्या ३५५ व्या कलमाखाली. नेमणूक मात्र मालकाची आणि फीसुद्धा मालकाचीच. नकाशे तो दाखल करतो, आणि शेवटी 'मंजूर नकाशाप्रमाणे काम झालंय' असंही तोच लिहून देतो. पालिकेचे इंजिनिअर तपासतात, नाही असं नाही. पण एवढ्या शहरात प्रत्येक स्लॅबपाशी कोण उभं राहणार?

यावरून मला रॉबर्ट हुक आठवला. हो, तोच, स्प्रिंगच्या नियमवाला! १६६६ च्या आगीत लंडन जळालं आणि १६६७ मध्ये शहराने त्याला सर्व्हेयर नेमलं. रीत अशी, की घरमालकाने मलबा साफ करायचा, गिल्डहॉलच्या तिजोरीत दर पायामागे ६ शिलिंग ८ पेन्स भरायचे आणि पावती घेऊन सर्व्हेयरकडे जायचं. मग तो स्वतः जागेवर येऊन मापं घेणार, खुंट्या ठोकणार, वहीत नोंद करणार. त्यानंतर पाया. हुकने असे हजारो पाये आखून दिले. १७०३ मध्ये तो गेला तेव्हा त्याच्या खोलीत पेटीभर रोकड सापडली, हजारो पौंड. बरीचशी याच कामाची कमाई असावी. म्हणजे पैसे तिथेही मालकाचेच होते. फक्त ते शहराच्या तिजोरीतून फिरून यायचे, आणि सर्व्हेयर शहराचा माणूस राहायचा. एवढासा फरक.

आमच्या काकांची गोष्ट या फरकाचीच. पंचवीस वर्षांपूर्वी ओसी नसताना राहायला गेले. सर्व्हेयरच्या कागदावर गच्ची होती तिथे बिल्डरने दोन खोल्या काढल्या होत्या. बिल्डर पसार झाला, आणि सोसायटी वर्षानुवर्षं पाणीपट्टी दुप्पट भरत बसली. वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडचं तर सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंच. १९८० च्या दशकात मंजुरीपेक्षा जास्त मजले चढले आणि २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते बेकायदा ठरवले. त्या नोव्हेंबरात पालिकेचं पथक फाटकापर्यंत आलं ते कोर्टाच्या स्थगितीमुळे परत गेलं. पुढल्या जूनमध्ये वीज-पाणी तोडलं. मधल्या तीस वर्षांत तिथे मुलं वाढून त्यांची लग्नं झाली असतील.

गंमत म्हणजे पूर्णत्वाच्या दाखल्याशिवाय ताबा देऊ नये, हे महाराष्ट्रात १९६३ च्या फ्लॅट मालकी कायद्यापासून लिहिलेलं आहे. फर्निचरच्या नावाखाली चावी देणं ही त्यावरची पळवाट.

रविवारी आम्ही टेप घेऊन साइटवर गेलो. वॉचमन विचित्र नजरेने बघत होता. मागच्या बाजूची मोकळी जागा नकाशात सहा मीटर होती. बायकोने एक टोक धरलं, मी भिंतीपर्यंत गेलो. चार मीटर वीस सेंटिमीटर. परत मोजलं. तेवढंच. मध्ये एक पंपहाउस उभं होतं, जे नकाशात कुठेच नव्हतं.

सोमवारी त्या मुलाचा फोन आला. मी सांगितलं, ओसीची कॉपी पाठव, त्याच दिवशी हप्ता भरतो. आणि तुमच्या सर्व्हेयरचा नंबर दे. तो म्हणाला, "सर, त्यांचा नंबर आजपर्यंत कुणी मागितला नाही."

अजून आलेला नाही. घरभाडं आणि बँकेचा हप्ता, दोन्ही चालू आहेत.