‘महात्मा’चा ‘धर्मात्मा’ कसा झाला?

श्रोतेहो, एकनाथ महाराजांची गोष्ट मोहोळकरांना मी नव्याने काय सांगावी! पंढरीची वाट आपल्या गावाहूनच फुटते. पैठणचा हा ब्राह्मण अस्पृश्य मानलेल्यांच्या घरी जेवला आणि जातभाईंच्या रोषाला पात्र झाला, हे कीर्तनाला बसणारी आजीबाईसुद्धा सांगेल. पण याच गोष्टीची एकदा इंग्रज सरकारला धास्ती वाटली होती, हे थोड्यांनाच ठाऊक असेल.

साल १९३५. पुण्याच्या प्रभात कंपनीने नाथांवर बोलपट काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, लेखक के. नारायण काळे. आणि नाथ कोण? तर साक्षात बालगंधर्व! ज्यांच्या स्त्रीभूमिका पाहायला लोक रात्ररात्र जागत, ते गंधर्व वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी पडद्यावर पुरुषवेषात आले. बोलपटाचे नाव ठेवले ‘महात्मा’.

इथेच माशी शिंकली. सेन्सॉरने नावाला हरकत घेतली. तुम्ही म्हणाल, संताला महात्मा म्हटले तर बिघडले काय? अहो, त्या काळी महात्मा म्हटले की एकच माणूस डोळ्यांपुढे येई. अस्पृश्यता जावी म्हणून गांधीजी १९३३-३४ साली देशभर फिरले होते. त्याआधी १९२१ साली ‘भक्त विदुर’ या मूकपटातला विदुर गांधींसारखा दिसला, म्हणून मद्रास आणि कराचीकडे त्यावर बंदी आली होती. आपल्या सोलापुरात तर १९३० साली मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी धनशेट्टी, शिंदे, सारडा आणि कुर्बान हुसेन हे चौघे फासावर गेले. असल्या सरकारला एका शब्दाचे भय वाटले, यात नवल ते काय!

शेवटी काही भाग गाळला गेला, ‘महात्मा’चा ‘धर्मात्मा’ झाला, आणि वर्षअखेर बोलपट लोकांपुढे आला. प्रभात आणि गंधर्व यांची भागीदारी मात्र या एकाच चित्रावर थांबली. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘संत तुकाराम’ने जग जिंकले, आणि ‘धर्मात्मा’ मागे पडला.

पण मंडळी, खरा प्रश्न नावाचा नव्हताच; तो पंगतीचा होता. सरकार नावाला भ्याले, गाव पंगतीला भीत होते. बोलपटात नाथांना न्याय मिळतो. पण ज्यांच्या घरी ते जेवले, त्यांना न्याय केव्हा मिळायचा? चित्र झळकण्याच्या थोडे आधी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येवल्याला जाहीर केले की, हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. संताच्या दयेवर किती पिढ्या वाट पाहायची? पडद्यावरच्या गोष्टीत याचे उत्तर नव्हते.

आपल्या शेजारच्या पंढरपुरातही विठोबाचे दार त्यांना बंदच होते. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केले, तेव्हा कुठे ते उघडण्याचा मार्ग झाला. म्हणजे नाथांच्या त्या जेवणाला साडेतीनशेहून अधिक वर्षे लोटली होती!

गुरुजनहो, वर्गात नाथांचा धडा घ्याल तेव्हा ही हकिकतही मुलांना सांगा. आणि मग एवढेच विचारा: सेन्सॉरने एक शब्द पुसला, आपल्या गावातल्या पंगतीतून कोणकोण पुसले गेले होते? उत्तरासाठी मुलांना पुस्तक उघडावे लागणार नाही. घरच्या वडीलधाऱ्यांना विचारले, तरी पुरे.