चाकांवरची चूल

आज एका चुलीचा प्रवास सांगणार आहे. ही चूल आपल्याकडची नाही, अमेरिकेतली आहे. तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांत, त्यातही टेक्सासमध्ये, जत्रेत, चर्चच्या आवारात किंवा रस्त्याच्या कडेला एक गाडा उभा दिसतो. खाली ट्रॉली, तिच्यावर आडवी टाकलेली जाड लोखंडी टाकी, टाकीच्या एका टोकाला विस्तवाची पेटी आणि दुसऱ्या टोकाला उभं धुराडं. याला तिकडे स्मोकर म्हणतात. आत मांस बारा-बारा तास धुरावर शिजत असतं आणि ज्वाळ त्याला लागत नाही. या प्रकाराचं नाव बार्बेक्यू. यातले कितीतरी गाडे कारखान्यात बनत नाहीत. भंगारातून टाकी आणायची, ओळखीच्या वेल्डिंगवाल्याला हाताशी धरायचं आणि अंगणातच जोडणी करायची.

आता हे मांस डुकराचं किंवा गाईबैलांचं. आपल्यातल्या कित्येक जणी ते खात नाहीत, काही तर मांसच खात नाहीत. तरी ऐका. मला आज चवीबद्दल बोलायचंच नाहीये. चूल कुणाच्या जागेत होती, रात्रभर तिच्यापाशी कोण जागत होतं आणि ती शेवटी कुणाच्या मालकीची झाली, एवढंच सांगायचं आहे.

बार्बेक्यू हा शब्द आला कॅरिबियन बेटांवरून. तिथल्या ताइनो लोकांत लाकडी खांबांवर केलेल्या माचाणासारख्या चौकटीला एक शब्द होता. स्पॅनिश लोकांनी तो उचलला आणि त्याचं ‘बार्बाकोआ’ केलं. 1526 साली ओव्हिएदो या स्पॅनिश लेखकाच्या पुस्तकात तो छापून आला. पुढे इंग्रज लोक व्हर्जिनिया आणि कॅरोलायना भागात वसले, तिथे या शिजवण्याला सणाचं रूप आलं. जॉर्ज वॉशिंग्टन अजून राष्ट्राध्यक्ष व्हायचे होते तेव्हा, 1769 साली, आपण एका बार्बेक्यूला गेलो आणि रात्रभर राहिलो अशी नोंद त्यांनी रोजनिशीत केली आहे.

पाहुणे रात्रभर राहिले, पण विस्तवापाशी कोण होतं? दक्षिणेतल्या मळ्यांवर हे काम गुलाम म्हणून राबवलेल्या आफ्रिकी माणसांचं होतं. आपल्याकडे हुरड्याला जमिनीत आगटी करतात, ती डोळ्यांसमोर आणा. तशीच आगटी, पण कित्येक फूट लांब चर खणून केलेली. लाकडं बाजूला जाळायची, निखारे झाले की फावड्याने चरात पसरायचे, वर काठ्यांवर अख्खं डुक्कर किंवा मोठा कापा ठेवायचा. निखारे जास्त झाले तर मांस करपतं आणि कमी झाले तर आतून कच्चं राहतं. म्हणून रात्रभर कुणीतरी जागं हवंच. 1930 च्या दशकात अमेरिकी सरकारच्या एका योजनेत गुलामगिरीतून गेलेल्या दोन हजारांहून जास्त वृद्धांच्या आठवणी लिहून घेतल्या गेल्या. त्यांत साउथ कॅरोलायनाचे वेस्ली जोन्स आहेत, तेव्हा वय 97. बार्बेक्यूच्या आदल्या रात्री आपण कसे रात्रभर मांसाला रस्सा लावत बसायचो, ते त्यांनी सांगितलं. त्या रश्श्यात काय काय पडायचं तेही सांगितलं : व्हिनेगर, काळी मिरी, लाल मिरची, मीठ, लोणी, कांदा, लसूण, आणि चक्क धणे. सत्तर-पंचाहत्तर वर्षांनंतरही माणसाला मसाला पाठ होता! चर मालकाच्या जमिनीत, लाकूड मालकाचं, जनावर मालकाचं, आणि शिजवणारा माणूसही कागदोपत्री मालकाचाच. त्याचं स्वतःचं म्हणावं असं त्याच्याजवळ एवढं ज्ञानच होतं.

19 जून 1865 या दिवशी टेक्सासच्या गॅल्व्हस्टन बंदरात लष्करी आदेश वाचला गेला की आता सर्व गुलाम मुक्त आहेत. खरं तर लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा 1 जानेवारी 1863 पासून लागू होता. टेक्सासातल्या माणसांपर्यंत तो पोचायला अडीच वर्षं लागली. दुसऱ्या वर्षापासून ही मंडळी 19 जूनचा उत्सव करू लागली. उत्सव म्हणजे प्रार्थना, गाणी आणि चरावरचं जेवण. पण चर खणायचा कुठे? गावातल्या सार्वजनिक जागा त्यांना बंद. तेव्हा 1872 साली ह्यूस्टनमध्ये, पूर्वी स्वतः गुलाम असलेले धर्मोपदेशक जॅक येट्स आणि त्यांच्या सोबत्यांनी पै-पैसा गोळा करून 10 एकर जमीन विकत घेतली. कशासाठी, तर आपला सण आपल्या जागेत करता यावा म्हणून. ते इमॅन्सिपेशन पार्क आजही आहे. आणि 19 जून ही 2021 पासून तिथली राष्ट्रीय सुट्टी आहे. वर्गणी काढून घेतलेल्या जमिनीची ही हकीकत मी आमच्या गटांच्या बैठकीत आवर्जून सांगते. आपण पापड लाटतो, पण शेड कुणाची, यंत्र कुणाच्या नावावर, हे विचारायला आपण अजून कचरतो.

पुढचा काळ भराभर सांगते. मध्य टेक्सासात जर्मन आणि चेक लोकांची खाटीकखान्याची दुकानं होती. न खपलेलं मांस ते विटांच्या भट्टीत धुरावर शिजवून विकत. लॉकहार्ट गावचं क्रॉइझ मार्केट हे 1900 सालचं. तिकडे कॅन्सस सिटीत हेन्री पेरी या कृष्णवर्णीय गृहस्थांनी 1908 च्या सुमारास एका गल्लीत टपरी टाकली आणि वर्तमानपत्राच्या कागदात बांधून बार्बेक्यू विकायला सुरुवात केली. शहरात चर खणता येत नाही. मग विटांची भट्टी आली. ज्यांना तीही परवडत नव्हती त्यांनी तेलाचं पिंप उभं चिरलं, एका भागात निखारे आणि दुसऱ्याचं झाकण केलं. हे पिंप म्हणजे गरिबाची पहिली उचलता येणारी भट्टी.

आणि तेलच यातलं पुढचं पात्र आहे. 10 जानेवारी 1901 ला टेक्सासात बोमाँट गावाजवळ स्पिंडलटॉप इथे तेलाचा फवारा उडाला आणि त्या राज्याचं नशीबच बदललं. ह्यूस्टनच्या आसपास तेलविहिरी, शुद्धीकरण कारखाने, पाइपांचे ढीग आणि ते जोडणारे वेल्डर. जाड भिंतीच्या पाइपाचे उरलेले तुकडे भंगारात पडून असत. कुणीतरी असा पाइप आडवा टाकला, एका बाजूला विस्तवाची पेटी जोडली. आडव्या स्मोकरची घडण या तेलाच्या भंगारातून झाली. 1987 साली ओक्लाहोमात जो डेव्हिडसन यांनी अशा पाइपांतून स्मोकर बनवून विकायचा धंदाच काढला.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. भट्टी आता जमिनीतून उठून लोखंडात गेली, म्हणजे विस्तवाचं ज्ञान पुरेनासं झालं, लोखंड कापणारा हात लागू लागला. तो हात कुणाचा होता? ह्यूस्टनमध्ये तेलविहिरींची ड्रिलं बनवणारी ह्यूज टूल ही मोठी कंपनी होती. तिथे कसबी, चांगल्या पगाराची कामं गोऱ्या कामगारांसाठी राखीव असत. कृष्णवर्णीय कामगारांच्या वाट्याला अंगमेहनतीची कामं येत. त्यांच्यातल्या एकाने हत्यारं घडवायच्या शिकाऊ जागेसाठी अर्ज केला, त्याला ती मिळाली नाही, आणि युनियननेही त्याची तक्रार हाती घेतली नाही. प्रकरण राष्ट्रीय कामगार मंडळापुढे गेलं. 1964 साली मंडळाने निर्णय दिला की रंगावरून असा भेद करणं हे युनियनचं गैरवर्तन आहे. 1964 म्हणजे काही फार जुनं नव्हे. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी चरापाशी रात्री काढल्या, त्यांतल्या बहुतेकांच्या हाती मोठ्या कारखान्यातली वेल्डिंगची बंदूक उशिरा आली. पिंपं चिरून भट्ट्या त्यांनी पुष्कळ केल्या. पण मोठ्या स्मोकरचा धंदा उभा राहिला तेव्हा भंगार आणि कसब दोन्ही ज्यांच्या हाताशी होतं, ते बहुतेक दुसरेच होते. माझ्या मते बार्बेक्यूच्या इतिहासातली खरी गोम इथे आहे, आणि चवीच्या वादात ती नेहमी हरवते.

आता हा गाडा बनतो कसा, ते जरा निवांत सांगते, कारण त्यातली अक्कल बघण्यासारखी आहे.

अमेरिकेत खेड्यातल्या घरांबाहेर गॅसची मोठी टाकी असते. 500 गॅलनची, म्हणजे साधारण 1,900 लिटरची. लांबी दहाएक फूट, व्यास तीन फुटांच्या आसपास. जुनी झाली की लोक तीच घेतात. टाकीचं पोलाद जाड असल्यामुळे एकदा तापलं की उष्णता धरून ठेवतं, आपल्या जाड बुडाच्या कढईसारखं. पण टाकी रिकामी दिसली तरी आत गॅस राहतो, आणि ठिणगी पडली तर स्फोट होतो. म्हणून आधी झडप काढतात, टाकी पाण्याने काठोकाठ भरतात, धुतात, आणि मगच कापतात. ऐकून कुणी आपल्याकडचं सिलिंडर कापायला घेऊ नका. आपलं सिलिंडर गॅस कंपनीच्या मालकीचं असतं, आणि जीव तर आपलाच असतो. दुसरी खबरदारी जस्ताची. जीआय पत्रा किंवा जस्ताचा मुलामा दिलेली जाळी भट्टीत चालत नाही. तापवल्यावर किंवा वेल्डिंग करताना त्यातून निघणारी वाफ छातीत गेली की थंडीताप भरतो.

टाकीच्या एका टोकाला, थोडी खाली, विस्तवाची पेटी जोडायची. ही पेटी टाकीच्या साधारण एक तृतीयांश मापाची ठेवतात. पेटीला हवेची खिडकी, दुसऱ्या टोकाला धुराडं. गरम हवा आणि धूर पेटीतून निघतो, मांसावरून वाहतो आणि धुराड्यातून वर ओढला जातो. खिडकी आणि धुराडं कमी-जास्त उघडून आच सांभाळायची. आतली उष्णता साधारण 110 ते 135 अंश सेल्सियस ठेवतात. आपण तळणीला तेल तापवतो ते याहून बरंच गरम असतं. इतक्या मंद आचेवर छातीचा कठीण कापा बारा तासांत मऊ होतो, कारण त्यातले चिवट तंतू हळूहळू विरघळतात. लाकूड ओक किंवा हिकरीसारखं कठीण आणि वाळलेलं लागतं. धूर निळसर, पातळ निघाला तर विस्तव चांगला. पांढरा, दाट धूर म्हणजे विस्तवाला हवा कमी पडते आहे किंवा लाकूड ओलं आहे, आणि मांस कडू होणार. चुलीपुढे बसलेल्या बाईला हे कुणी शिकवायला नको.

मग ट्रॉली. इथे वजनाचा हिशेब असतो. विस्तवाची पेटी जड, ती मागे आली की सगळा भार मागे जातो. बैलगाडी उलाळ झाली की जू वर उचलतं, धुरजड झाली की बैलांच्या मानेवर येतं, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यांचंही गणित तेच. एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या कडीवर यावा असा आस बसवतात. गाडा उलाळ राहिला तर वेगात शेपटीसारखा झोलतो आणि ओढणाऱ्या गाडीलाही घेऊन जातो.

चाकं लागली आणि चूल धंद्याला लागली. जिथे गिऱ्हाईक तिथे चूल. जागेचं भाडं कमी, जमीन घ्यायची गरज नाही, आणि धंदा बसला तर गाडा विकून पैसे सुटतात. 2009 साली ॲरन आणि स्टेसी फ्रँकलिन या नवरा-बायकोने ऑस्टिन शहरात एका ट्रेलरवरून विक्री सुरू केली. 2011 मध्ये त्यांनी पक्कं हॉटेल टाकलं आणि आज त्यांच्या दारात सकाळपासून रांग लागते. स्पर्धाही सुरू झाल्या होत्या. ह्यूस्टनची 1974 ला, मेम्फिसची 1978 ला. मेम्फिसला पहिल्या वर्षी प्रवेश फी 12 डॉलर होती. पहिलं बक्षीस 500 डॉलर, ते बेसी लुईस कॅथी या कृष्णवर्णीय बाईने जिंकलं. पुढे या स्पर्धांत लाखमोलाचे ट्रेलर येऊ लागले. दूरदर्शनवर आणि मासिकांच्या मुखपृष्ठांवर मात्र दाढीवाले गोरे पुरुष. ॲड्रियन मिलर यांनी 2021 साली ‘ब्लॅक स्मोक’ हे पुस्तक लिहिलं, ते कृष्णवर्णीयांना या इतिहासातली त्यांची जागा परत मिळावी म्हणूनच.

बायकांबद्दल विचाराल, तर टेक्सासच्या टूट्सी टोमानेट्झ यांचं नाव घ्यायला हवं. जन्म 1935 चा. 1966 मध्ये गिडिंग्ज गावच्या मांसाच्या दुकानात माणूस कमी पडला म्हणून त्या भट्टीवर उभ्या राहिल्या. पुढे वीस वर्षं नवऱ्याबरोबर दुकान चालवलं. 2003 पासून लेक्सिंग्टन गावात स्नोज बार्बेक्यूची भट्टी त्यांच्याकडे आली. हे दुकान फक्त शनिवारी उघडतं. 2008 साली ‘टेक्सास मंथली’ने त्याला राज्यात पहिला क्रमांक दिला, 2018 मध्ये टूट्सीबाईंचं नाव बार्बेक्यूच्या मानकऱ्यांच्या यादीत गेलं. वयाची ऐंशी उलटल्यावरही शनिवारी पहाटे दोनला त्या फावड्याने निखारे ओढत असत, आणि सोमवारपासून गिडिंग्जच्या शाळेत साफसफाई आणि देखभालीच्या कामावर जात असत.