हरणाऱ्याचा डाव

पत्त्यांच्या खेळांचा इतिहास बहुधा जिंकणाऱ्यांच्या अंगाने लिहिला जातो. कोणी किती हात केले, कोणी कोट दिला, वगैरे. नगर जिल्ह्यातल्या घराघरांत आणि एकूणच महाराष्ट्रात लहानथोर ज्या खेळाला बसतात, त्या झब्बूत मात्र जिंकणारा नसतोच. एकेक जण हातातली पाने संपवून सुटतो आणि शेवटी पाने उरलेला एकटा हरतो. माझ्या मते झब्बू घरात टिकला तो याच रचनेमुळे. सोपा आहे म्हणून तो टिकला, हे उत्तर अपुरे आहे, कारण तो दिसतो तितका सोपा नाही. इस्पिकच्या एक्क्याने डाव उघडतो. सर्वांनी उतारीचाच रंग टाकला तर ती पाने बाद होतात आणि सर्वांत मोठे पान टाकणारा पुढची उतारी करतो. ज्याच्याकडे तो रंग नसेल तो दुसऱ्या रंगाचे पान टाकून झब्बू देतो, आणि तोवर पडलेली सगळी पाने उतारीच्या रंगाचे मोठे पान टाकणाऱ्याच्या गळ्यात पडतात. म्हणजे सुरुवातीला सर्वांकडे सर्व रंग असताना एक्के-राजे खुशाल खपवावेत. तेच पुढे हातात राहिले, तर बदामच्या राजावर कोणीतरी चौकटचा एक्का फेकतो आणि सुटत आलेला माणूस पुन्हा ओंजळभर पाने घेऊन बसतो. पंजाबात हाच खेळ ‘भाभी’ नावाने चालतो.

याच्या आधीचा गंजिफा नेमका उलट्या धाटणीचा. अकबराच्या दरबारातल्या अबुल फझलने ‘ऐन-ए-अकबरी’त त्याची सविस्तर नोंद केली. मोगल गंजिफात आठ रंगांची 96 पाने, तर सावंतवाडीत आजही रंगवल्या जाणाऱ्या दशावतारीत दहा अवतारांची 120. त्यातल्या निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि एक्का लहान, उरलेल्यांत याच्या उलट. लक्षात ठेवायलाच डोके हवे. पण शेवटी प्रत्येकाने किती पाने जिंकली तेच मोजायचे. मोजता येते त्यावर पैसे लावता येतात, ही साधी गोष्ट आहे. 1887 च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट दिली, आणि 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी मुख्यतः कौशल्याची ठरवून तीन पत्तीला निव्वळ नशिबाच्या खात्यात टाकले. कायदा कौशल्य पाहत होता. घरातली वडीलधारी माणसे बहुधा वेगळेच पाहत होती: पैसा फिरतो की नाही.

कोणी म्हणेल, हात टाळण्याचे सगळेच खेळ काही सोवळे नाहीत. खरे आहे. सतराव्या शतकातला फ्रेंच रिव्हर्सिस पैशांवर चाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत रुळलेल्या हार्ट्समध्ये बदामचे प्रत्येक पान एक गुण आणि पुढे आलेल्या रूपात इस्पिकची राणी तेरा गुण, तेव्हा गुणामागे दर ठरवायला कितीसा वेळ लागतो? पण हा आक्षेप माझ्याच बाजूने बोलतो. तिथे हरण्याला माप आहे. झब्बूत हरणारा तीन पानांनिशी उरला काय नि तेरा पानांनिशी काय, हार सारखीच. गुलामचोराचेही तसेच: एक गुलाम बाजूला काढला की बिनजोडीचा गुलाम ज्याच्या हाती राहील तो चोर, कमीजास्त काही नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हरणाऱ्याने सर्वांना चहा पाजायचा, अशी पैज लावता येतेच की. लावता येते, लावतातही. पण चार जणांत एकाने दिलेला चहा कोणाला श्रीमंत करत नाही, आणि डाव मोडून पुन्हा बसण्याची ओढ त्यातून लागत नाही. त्यामुळे ‘पत्ते कुटू नका’ असे दटावणारी घरेही सुट्टीत झब्बूकडे काणाडोळा करत आली. हरणाऱ्याला चिडवून झाले की पुढच्या डावाची पाने त्याने पिसायची आणि वाटायची.